बाह्य जननेंद्रियांच्या तंत्रिका, स्त्रीच्या
भगोष्ठ, शिश्निका व योनिद्वार यांना संवेदना आणि मूलाधारातील स्नायूंना प्रेरणा पुरविणाऱ्या तंत्रिका (मज्जातंतू). यांतील प्रमुख गुह्य तंत्रिका दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या त्रिक तंत्रिकांपासून बनते. श्रोणीतून बाहेर पडून ती आसनास्थीच्या कंटकाला वळसा घालते व मूलाधारात शिरते. तिच्या तीन शाखा होत : (१) अधोगुद तंत्रिका गुदद्वाराच्या बाह्य परिसंकोची स्नायूला, (२) मूलाधार तंत्रिका तेथील इतर स्नायूंना व भगोष्ठांच्या पश्च भागाला आणि (३) पृष्ठीय तंत्रिका शिश्निकेला जाते. २०२२ मध्ये अमेरिकेत केलेल्या गणनेत शिश्निकेच्या दोन्ही पृष्ठीय तंत्रिकांत मिळून सरासरी १०,००० हून अधिक तंतू आढळले. भगोष्ठांच्या अग्र भागास मुख्यतः पहिल्या कटि तंत्रिकेपासून शाखा मिळतात.

प्रसूतीच्या वेळी आसनास्थीचा कंटक योनिमार्गातून बोटाने चाचपता येतो. त्याच्याजवळ औषध टोचल्यास मूलाधार बधिर होतो. भगोष्ठांच्या अग्र भागाची संवेदना मात्र कटि तंत्रिकेमुळे टिकून राहते. लांबलेल्या प्रसूतीत गुह्य तंत्रिका ताणली गेल्यास पुढे मलमूत्रावरील ताबा कमी होऊ शकतो. संकोचामुळे स्त्रिया ही तक्रार सहसा सांगत नाहीत, म्हणून प्रसूतीनंतरच्या तपासणीत तिची चौकशी आवर्जून करावी लागते.

मुंबई व इतरत्र राहणाऱ्या दाऊदी बोहरा समाजातील ‘खतना’ प्रथेत लहान मुलींच्या शिश्निकेवरील त्वचा कापतात. पृष्ठीय तंत्रिका व तिच्या शाखा या त्वचेलगतच असल्याने त्यांना कायमची इजा होण्याचा धोका असतो. या प्रथेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात २०१७ मध्ये याचिका दाखल झाली. २०१८ मध्ये ती घटनापीठाकडे सोपविण्यात आली.