पाण्यातले विष कसे शोधतात?

तळ्याचे पाणी निवळ दिसते, म्हणून त्यात विष नाही असे समजू नये. शास्त्रज्ञ हे विष कसे शोधतात, ते आपण पाहू.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात क्लिअर लेक नावाचे मोठे तळे आहे. तेथे चिलटे फार. ती मारण्यासाठी १९४९, १९५४ आणि १९५७ साली पाण्यात डीडीडी हे औषध घातले. हे डीडीटीचेच भावंड. प्रमाण किती? शेवटच्या दोन खेपांना पाच कोटी भाग पाण्यात औषधाचा एक भाग! एवढ्याशाने काय होणार, असे वाटले.

पण १९५४ नंतर तळ्यावरचे ग्रीब पक्षी मरू लागले. हे आपल्याकडच्या टिबुकलीच्या कुळातले. मासे खाऊन राहतात. शास्त्रज्ञांनी मेलेले पक्षी तपासले. साथीच्या रोगाची खूण मिळेना. मग पक्ष्यांची चरबी तपासली. तिच्यात पाण्याच्या ८० हजार पट डीडीडी निघाले!

ते आले कोठून? शास्त्रज्ञांनी मासे तपासले. पाण्यातले बारीक जीवही तपासले. सगळ्यांत तेच विष! ते चरबीत साठते, लवकर बाहेर पडत नाही. बारीक जीव माशांच्या पोटात गेले, मासे पक्ष्यांच्या पोटात गेले. घासागणिक विष वाढत गेले.

मासे माणूसही खातोच की! म्हणून नुसते पाणी तपासून भागत नाही. त्यात जगणारे जीवही तपासावे लागतात. आपण निदान एवढे करू : फवारणीचा पंप आणि औषधाचा डबा ओढ्यात किंवा विहिरीवर धुणार नाही.