‘व्हार’ काढण्याचा दिवस

सकाळी ९. भूम. इथल्या खव्याच्या भट्ट्या दुधावर चालतात, आणि संकलन केंद्रावर कुणाचं किती लिटर, किती फॅट, हे आता स्क्रीनवर दिसतं. त्या पानाचा जुना कोड माझ्याकडे आलाय. सगळीकडे व्हार, म्हणजे व्हेरिएबल जाहीर करायचा जुना शब्द. लिहिणाऱ्याला बोल लावणार नाही; त्याच्या जागी वापरायचे लेट आणि कॉन्स्ट जावास्क्रिप्टच्या मानकात आले तेच २०१५ साली.

१०.३०. ईएसलिंट चालवलं. निकोलस झाकस यांनी २०१३ साली सुरू केलेलं हे साधन कोड न चालवताच तपासतं. ‘नो-व्हार’ नियम लावून फिक्स म्हटलं की बहुतेक व्हारचे लेट होतात. ‘प्रेफर-कॉन्स्ट’ पुढे त्यातल्या न बदलणाऱ्यांचे कॉन्स्ट करतो. काही ओळी मात्र पिवळ्याच राहिल्या. माझं खरं काम तिथून सुरू होतं.

१२. केंद्रावरची तक्रार अशी होती: कुणाच्याही नावापुढचं बटण दाबा, बिल यादीतल्या शेवटच्या सभासदाचं उघडतं. लूपच्या आत ‘व्हार सभासद’ आहे, आणि बटणाचं फंक्शन तोच वापरतं. व्हारला महिरपी कंसाची हद्द नसते, फक्त फंक्शनची असते. म्हणून सगळ्या फेऱ्यांत सभासद एकच. दर फेरीला त्यात नवं नाव पडतं आणि आधीचं जातं. बटण दाबेपर्यंत लूप कधीच संपलेला असतो. कॉन्स्ट लिहिलं की प्रत्येक फेरीला स्वतंत्र सभासद मिळतो. साधनानं ही ओळ आपणहून बदलली नाही, कारण इथे शब्द बदलला की प्रोग्रामचं वागणं बदलतं. ते बदलायला हवं की नको, हे माणसानंच ठरवायचं.

२. लाइट गेली. लॅपटॉप इन्व्हर्टरवर.

३.३०. तुळजापूरहून सोबतच्या पोराचा फोन.

“दादा, लई वॉर्निंग यायलेत. या फाइलपुरता नियम बंद करू का?”

“बंद नको करू. फिक्सनं सोडलेल्या ओळी आधी वाच. एकच नाव दोनदा जाहीर केलंय का बघ, कंसाबाहेर वापरलंय का बघ.”

थोड्या वेळानं त्याचाच मेसेज: एका फंक्शनात ‘दर’ दोनदा जाहीर केलेला, गाईचा आणि म्हशीचा.

५. नियम ‘वॉर्न’वरून ‘एरर’वर नेला. पिवळ्या सूचना कुणी वाचत नाही. आता व्हार असलेला कोड तपासणीतच अडेल. केंद्रावर फोन करून प्रत्येक नावापुढचं बटण दाबायला सांगितलं. बिलं ज्याची त्याला उघडली.