फुलाच्या आधी

सकाळी 8.30. शिरड शहापूरच्या शिवारात ऑगस्टची चिखलवाट. खुरपणीला आलेल्या मावशी कोपरापर्यंत खोबरेल तेल चोळतात, त्यावर जुने पायमोजे चढवतात. बोटांपाशी कापलेले. रबरी हातमोज्यात खुरप्याची मूठ घसरते म्हणून ही सोय. मागच्या साली गाजरगवतानं अंग उतलं होतं. मलमाला दीडशे रुपये, म्हणजे अर्धा रोज गेला.

9.00. सहा बाया हळदीत बसतात. रोज तीनशे. खुरपं जिचं तिचं, धार लावायला वीस रुपये. मावशी बुडाशी खुरपं घालून गाजरगवताचं झाड मुळासकट काढतात. वरून तोडलं तर पुन्हा फुटतं. 1955 साली पुण्यात पहिल्यांदा दिसलेलं हे परदेशी गवत. आयात गव्हासोबत आलं असं मानतात. एका झाडाला दहा हजारांवर बी धरू शकतं. म्हणून दोन ढीग: बिनफुलाचं शेणखड्ड्यात, फुलावर आलेलं वेगळं, वाळवून जाळायला.

11.40. बांधावर शेतमालक दादा पाठीवर पंप अडकवून तणनाशक मारायला निघालेत. मावशी उठतात, बांधावरच्या गाजरगवताचं एक पान उलटं करतात.

"दादा, किडे हायत बघा. इथं नका मारू."

पांढुरक्या पाठीवर तपकिरी पट्टे. पानाची नुसती जाळी उरलेली. हे मेक्सिकन भुंगे 1984 मध्ये बंगळुरूकडे मुद्दाम सोडले गेले. परभणीचं कृषी विद्यापीठही ते वाढवून शेतकऱ्यांना देतं. गाजरगवत हेच त्यांचं खाणं. तणनाशकानं ते जाळलं तर भुंगे खाणार काय? पावसाळा सरला की ते जमिनीत दडी मारतात, म्हणजे खायचे दिवस हेच. दादा बराच वेळ पान पाहतात. मग पंप उतरवतात. बांध भुंग्यांना, हळद खुरप्याला. मला तो निर्णय पटला. तणनाशकाचा फवारा वाऱ्यानं हळदीवरही आला असता.

1.30. भाकरी, ठेचा. आधी साबणानं हात.

5.30. अठराशे रुपये वाटले जातात. मावशी पायमोजे वेगळ्या पिशवीत घालतात; घरच्या कपड्यांत ते धुवायचे नाहीत.

कुंपणाबाहेर रस्त्याची चारी गाजरगवतानं पांढरी फुललेली आहे. ती कुणाच्याच रोजात नाही. हे गवत तुमच्या दारापुढं असेल, तर हात झाकून, फूल यायच्या आत उपटा.