भाताची जागा कोणी घ्यावी ?



मराठी पानावर भाताची मूद पडली कीं मग बाकीच्या पदार्थांना आपापली जागा सांपडते. वरण त्या मुदीवर, तूप त्या वरणावर, आणि शेवटीं ताक पुन्हां भातावरच. कोंकणांत व गोव्यांत तर भात म्हणजेच जेवण. देशावर भाकरीनें पोट भरलें तरी शेवटचा ताकभात सुटत नाहीं. अशा घरांत डॉक्टर जेव्हां सांगतात, "भात कमी करा," तेव्हां तो सल्ला एका पदार्थापुरता राहत नाहीं. साऱ्या पानाची मांडणीच त्यानें विसकटते. पहिले चार दिवस उत्साहानें जातात, पांचव्या दिवशीं पोट रितें वाटूं लागतें, आणि पंधरवड्याच्या आंत मूद पूर्वीच्या जागीं येऊन बसते.

अशीं घरें आज थोडींथोडकीं नाहींत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें भारतांत मधुमेह असलेल्यांची संख्या दहा कोटींहून अधिक आहे. म्हणून भात, शेवया, नूडल्स व पास्ता यांच्या जागीं काय वाढतां येईल, ह्या प्रश्नाचा आज जरा पद्धतशीर विचार करूं.

प्रथम हे चारही पदार्थ मुळांत एकाच जातीचे आहेत, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. रूपें निराळीं, परंतु आंतला मुख्य माल पिष्ट, म्हणजे स्टार्च. पिष्ट म्हणजे द्राक्षशर्करेच्या कणांची लांबच लांब सांखळी. आपले पाचकरस ती सांखळी तोडतात आणि तिचे सुटे कण रक्तांत उतरतात. म्हणूनच भात जिभेला गोड लागत नसला तरी रक्ताला तो गोडच असतो. शिजलेल्या पांढऱ्या भाताच्या १०० ग्रॅममध्यें सुमारें २८ ग्रॅम कर्बोदकें असतात. शिजलेल्या पास्त्याच्या तेवढ्याच वजनांत सुमारें ३० ग्रॅम. दीडशें ग्रॅम भात खाल्ला कीं चाळिसांहून अधिक ग्रॅम कर्बोदकें पोटांत गेलींच. निरोगी, कष्टाळू शरीर तीं सहज जिरवतें. ज्याचें इन्शुलिन अपुरें पडतें त्याच्या रक्तांत शर्करा सांचते.

आतां दुसरी गोष्ट. भात आपल्या पानांत तीन कामें करतो. पातळ पदार्थाला तो आधार देतो. आमटी त्याच्यावांचून हातांत येत नाहीं. तो पोट भरल्याची तृप्ति देतो. आणि शरीराला तो शक्ति पुरवतो. जो पदार्थ भाताच्या जागीं यावयाचा, त्याला ह्या तीन कसोट्या लावाव्या. तिन्हींना उतरणारा एकच पदार्थ मिळत नाहीं, आणि बहुतेकांची निराशा होते ती येथेंच. एकाच पदार्थाकडून तिन्ही कामांची अपेक्षा करूं नये. तीं वांटून द्यावीं.

धान्यांतील पिष्ट टाळण्याची ही खटपट आजची नव्हे. जॉन रोलो नांवाच्या ब्रिटिश सैन्यांतील शल्यवैद्यानें १७९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, एका मधुमेही सेनाधिकाऱ्याला मुख्यतः मांसाहारावर ठेवल्याचा वृत्तान्त दिला आहे. एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समध्यें बूशार्दा नांवाचा विख्यात चिकित्सक झाला. त्यानें मधुमेह्यांसाठीं गव्हांतील पिष्ट वगळून उरलेल्या चिवट भागाची, म्हणजे ग्लुटेनची, पाव-रोटी पुरस्कारिली. १८७०-७१ मध्यें पॅरिसला वेढा पडून अन्नटंचाई झाली, तेव्हां कांहीं मधुमेही रुग्णांच्या लघवींतील साखर नाहींशी झाल्याचें त्यानें नमूद केलें आहे. इन्शुलिनचा शोध १९२१ सालीं टोरांटो येथें लागला. तोंवर वैद्यांच्या हातीं पथ्यावांचून दुसरें शस्त्र नव्हतें.

बूशार्दाची ही युक्ति आपल्या गृहिणींना समजण्यास मुळींच कठिण नाहीं. कुरडया करतांना त्या हेंच काम उलट्या बाजूनें करतात. गहूं तीन दिवस भिजवावयाचे, वाटावयाचे, गाळावयाचे, तळाशीं बसलेला पांढरा चीक ठेवावयाचा आणि चोथा टाकून द्यावयाचा. तो चीक म्हणजे गव्हाचें पिष्ट. कुरडईसाठीं आपण जें जपून ठेवतों, तें बूशार्दा टाकून देत होता. आपण जें टाकतों त्यांतील चिवट भाग तो रुग्णाला देत होता. ह्यावरून एक बोध सहज निघतो : कुरडई कितीही हलकी व कुरकुरीत लागली, तरी ती मधुमेह्याच्या पथ्याची वस्तु नव्हे.

असे आणखीही कांहीं पदार्थ पथ्याच्या वेषांत घरांत शिरतात. त्यांत पहिला साबुदाणा. उपवासाला चालतो म्हणून तो प्रकृतीला हलका, अशी समजूत आहे. वस्तुतः तो टॅपिओका कंदाचें जवळजवळ निव्वळ पिष्ट होय, आणि प्रथिनें त्यांत नांवालाच असतात. दुसरे वऱ्याचे तांदूळ, तिसरी नाचणी, चौथी ज्वारी. हीं धान्यें वाईट मुळींच नव्हेत. सडलेल्या पांढऱ्या तांदळापेक्षां त्यांत तंतु अधिक असतात, आणि नाचणींतील कॅल्शियम तर प्रसिद्धच आहे. परंतु कोरड्या धान्याच्या वजनाचा सुमारें दोन-तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक भाग त्यांतही कर्बोदकांचाच असतो. हातसडीच्या तांदळाची गोष्ट तीच. भाताऐवजीं वरी घेतली आणि वाटीच्या जागीं दोन वाट्या खाल्ली, तर हिशेब अंगाशीं येतो. धान्य बदलणें आणि धान्य कमी करणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मग कमी कशानें करावें ? भाताचें पहिलें काम, म्हणजे पातळ पदार्थाला आधार देण्याचें, फ्लॉवर उत्तम करतो. १०० ग्रॅम फ्लॉवरमध्यें कर्बोदकें सुमारें ५ ग्रॅम, आणि त्यांतही २ ग्रॅम न पचणारे तंतु. भात व फ्लॉवर यांतील हें अंतर पांच-सहापट आहे. गड्डा किसणीच्या मोठ्या भोंकांवर किसावा म्हणजे तांदळाएवढे कण पडतात. कृतींत एकच मर्म आहे : पाणी घालूं नये आणि झांकण ठेवूं नये. फ्लॉवरमध्यें स्वतःचें पाणी भरपूर असतें. झांकलें कीं तें सुटतें, त्याचा लगदा होतो आणि उग्र वास येऊं लागतो. रुंद कढई चांगली तापवावी, चमचाभर तुपांत जिरें तडतडवावें, कीस पसरून चार-पांच मिनिटें परतावा आणि मीठ शेवटीं घालावें. ह्यावर दाट वरण किंवा माशाची आमटी बरी जमते. ताकभाताला मात्र तो तितकासा रुचत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

शेवया व नूडल्स यांच्या जागीं लांब कापतां येणाऱ्या भाज्या घ्याव्या. पाश्चात्त्य देशांत झुकिनी नांवाच्या काकडीसारख्या फळभाजीचे दोरे काढतात. आपल्याकडे कोंवळा दुधी तेंच काम करतो. बियांचा भाग सोडून बाहेरच्या गराच्या लांब पट्ट्या काढाव्या, त्यांना किंचित् मीठ लावून दहा मिनिटें ठेवाव्या, फडक्यांत हलक्या हातानें पिळाव्या, आणि तापलेल्या तेलांत दोन मिनिटांहून अधिक ठेवूं नयेत. बारीक लांब चिरलेला कोबी तर नूडल्सच्या अधिकच जवळ जातो, कारण त्याचा करकरीतपणा टिकतो. १०० ग्रॅम कोबींत कर्बोदकें सुमारें ६ ग्रॅम असतात, दुधींत त्याहूनही कमी.

जपानांत शेंकडों वर्षें चालत आलेला एक पदार्थ येथें विशेष उल्लेखनीय आहे. कोन्याकु नांवाच्या कंदाचें पीठ पाण्यांत कालवून त्यांत चुन्याची निवळी मिसळली कीं त्याचा घट्ट गोळा बनतो. तो साच्यांतून दोऱ्यांसारखा काढतात तेव्हां त्याला शिराताकी म्हणतात. शब्दाचा अर्थ पांढरा धबधबा. ह्या कंदाचा आणि आपल्या सुरणाचा वनस्पतिशास्त्रीय वंश एकच. परंतु सुरणांत पिष्ट भरलेलें असतें, तर कोन्याकुंत ग्लुकोमॅनन नांवाचा तंतु. ह्या तंतूंतील दुवे आपल्या पाचकरसांना तोडतां येत नाहींत, म्हणून त्याची रक्तांत शर्करा होत नाहीं. शिराताकीमध्यें शेंकडा सुमारें ९७ भाग पाणीच असतें. भारतांतील मोठ्या शहरांत ती आतां विकत मिळते. पुडा उघडतांच माशासारखा वास येतो, त्यानें बिचकूं नये. थंड पाण्यांत दोन-तीनदां खळबळून धुवावी आणि कोरड्या कढईंत पाणी आटेपर्यंत परतावी. ओली ठेवली तर कोणताही रस तिला चिकटत नाहीं. तिला स्वतःची चव नाहीं आणि पोषणही जवळजवळ नाहीं. ती पोट भरते, शरीर पोसत नाहीं. दोरे निसरडे व चिवट असल्यामुळें मुलांना व वृद्धांना ते बारीक कापूनच द्यावे. ग्लुकोमॅननची कोरडी भुकटी थोड्या पाण्याबरोबर गिळणें तर धोक्याचें, कारण ती घशांतच फुगूं शकते.

येथवर आधार मिळाला. तृप्ति व पोषण राहिलें. तें काम प्रथिनांचें. त्याचा एक सुंदर घरगुती मार्ग म्हणजे सुरळीची वडी. बेसन ताकांत कालवून शिजवलेलें पीठ ताटाच्या पाठीवर पातळ पसरतों, त्याची सुरळी न करतां लांब पट्ट्या कापल्या कीं रुंद पास्त्याला तोड मिळते. बेसनांत कर्बोदकें नाहींत असें नव्हे. २५ ग्रॅम बेसनांत सुमारें १५ ग्रॅम असतात. परंतु बरोबर सुमारें ५ ग्रॅम प्रथिनें व कांहीं तंतु येतात, आणि हरभऱ्याचें पिष्ट भातापेक्षां सावकाश पचतें. अंडें चालणाऱ्या घरीं पातळ पोळा करून त्याच्या शेवयांसारख्या पट्ट्या कापाव्या. त्यांत कर्बोदकें जवळजवळ नसतातच. कुस्करलेलें पनीर, मोड आलेल्या मटकीची उसळ, मासे, ह्यांपैकीं कांहीं तरी पानांत वाढल्यावांचून केवळ फ्लॉवरवर दिवस काढूं पाहणारा मनुष्य रात्रीं फराळाचा डबा शोधतो. त्यांत दोष त्याच्या निग्रहाचा नसतो; पान अपुरें वाढलेलें असतें.

आतां एक गंभीर सूचना. जे इन्शुलिन टोंचून घेतात किंवा रक्तशर्करा उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनीं आपल्या डॉक्टरांना विचारल्यावांचून भात एकदम बंद करूं नये. औषधाची मात्रा पूर्वीच्या जेवणाला अनुसरून ठरलेली असते. जेवणांतील कर्बोदकें एकाएकीं घटलीं आणि औषध तेवढेंच राहिलें, तर शर्करा धोक्याच्या पातळीखालीं जाते. घाम सुटतो, हात कांपतात, भोंवळ येते, प्रसंगीं शुद्धही हरपते. नव्या औषधांपैकीं कांहीं, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारीं आहेत. तीं घेणाऱ्यानें कर्बोदकें फार कमी केलीं तर रक्तांत आम्लें वाढण्याचें निराळें संकट ओढवूं शकतें. ज्यांचे मूत्रपिंड दुबळे आहेत त्यांनीं प्रथिनें वाढवण्यापूर्वींही विचारावें. गर्भवती स्त्रियांनीं व वाढत्या वयाच्या मुलांनीं असले प्रयोग स्वतःच्या मतानें करूं नयेत.

बाकीच्यांना माझी सूचना साधी आहे. आरंभीं भात पुरता काढूं नका. अर्धी मूद भाताची व अर्धी फ्लॉवरची, असें मिसळून वाढा. उसळ किंवा वरण नेहमींपेक्षां दाट करा आणि तें आधीं वाढा, भात मागून. दोन आठवड्यांनीं भाताचा वांटा आणखी घटवा. घरीं रक्तशर्करा मोजण्याचें यंत्र असेल तर जेवणापूर्वीं व जेवणानंतर दोन तासांनीं मोजून वहींत टिपून ठेवा. कोणता पदार्थ आपल्याला मानवतो हें ती वही कोणत्याही जाहिरातीपेक्षां खरें सांगेल.

आणि एक विनंती गृहिणींना व घरांतील सर्वांनाच. ज्याला पथ्य आहे त्याचें पान वेगळें मांडूं नका. बाकीच्यांपुढें वाफाळता भात आणि एकट्यापुढें किसलेला फ्लॉवर, अशा पंक्तींत पथ्य हें शिक्षेसारखें वाटतें, आणि शिक्षा कोणी जन्मभर आनंदानें भोगीत नाहीं. तोच कोबी, त्याच बेसनाच्या पट्ट्या सर्वांच्या पानांत थोड्या थोड्या पडूं द्या. ज्यांना भात हवा त्यांनीं तो वरून घ्यावा. भाताची जागा घेणारे पदार्थ पुष्कळ आहेत; पंक्तींतल्या सोबतीची जागा मात्र दुसऱ्या कशानेंही भरून निघत नाहीं.