समूहाचे बंध आणि समूहाच्या सीमा

बंगळूरच्या केंपेगौडा बसस्थानकावर, ज्याला सारे नगर 'मॅजेस्टिक' या नावाने ओळखते, सकाळच्या वेळी हजारो माणसे उभी असतात. ती एकाच ठिकाणी व एकाच हेतूने आलेली असली, तरी त्यांना समूह म्हणता येत नाही; ती केवळ गर्दी होय. गाडी येताच ही गर्दी विरून जाते आणि कोणाला कोणाची आठवण राहत नाही. मात्र गाडी दोन तास आलीच नाही, तर चित्र पालटते. एक जण चौकशीसाठी जातो, दुसरा त्याचे सामान सांभाळतो, तिसरा एखाद्या वृद्धेला बसावयास जागा करून देतो. जो सामान सांभाळतो, त्याने आता ते टाकून निघून जाऊ नये अशी अपेक्षा असते. समूहाचे बीज या अपेक्षेत आहे. माणसे केवळ एकत्र आल्याने समूह घडत नाही. ती परस्परांवर काही हक्क सांगू लागतात आणि काही कर्तव्ये मान्य करतात, तेव्हा तो घडतो.

अशा हक्क-कर्तव्यांचे पहिले शिक्षण मनुष्यास घरात व शेजारात मिळते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०९ साली कुटुंब, खेळगडी आणि शेजार यांना 'प्राथमिक समूह' असे नाव दिले, ते याच कारणाने. 'आम्ही' हा शब्द मूल प्रथम तेथेच शिकते. पुढे व्यवसाय, भाषा, उपासना आणि संघटना यांच्यामुळे या 'आम्ही'चा विस्तार होत जातो.

बंगळूरची जुनी वस्ती या विस्ताराचा एक टप्पा दाखविते. केंपेगौडा यांनी १५३७ च्या सुमारास वसविलेल्या या नगरात धंद्यांप्रमाणे पेठा होत्या. अक्कीपेटेत तांदळाचा व्यापार, बळेपेटेत बांगड्या, कुंबारपेटेत कुंभार, गाणिगरपेटेत तेली. पुण्यातील तांबट आळी, कासार आळी किंवा बुरूड आळी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही रचना अपरिचित वाटणार नाही. धंदा, शेजार, सोयरीक आणि दैवत ही चारही सूत्रे तेव्हा बहुधा एकाच गाठीत बांधलेली असत. मनुष्य कोणत्या समूहाचा, हे त्याच्या घराच्या पत्त्यावरूनच कळे.

परंतु ही गाठ सुटली म्हणजे समूहाचे काय होते? या प्रश्नाचे उत्तर बंगळूरच्या तिगळ समाजाच्या इतिहासात सापडते. तिगळ हे परंपरेने माळीकाम करणारे. नगराभोवतीच्या तलावांच्या पाण्यावर ते भाजीपाला व फुले पिकवीत. विसाव्या शतकात नगर वाढले, मळ्यांवर इमारती उभ्या राहिल्या, नळाचे पाणी आल्यावर तलावांचे महत्त्वही ओसरले. संपंगी तलावाच्या जागी आज कंठीरव क्रीडांगण आहे. जमीन, पाणी आणि धंदा हे तिन्ही आधार अशा रीतीने क्षीण झाले.

तरीही समूह विस्कटला नाही. दरवर्षी चैत्र महिन्यात धर्मराय मंदिरातून द्रौपदीच्या नावाने 'करग' निघतो आणि पौर्णिमेच्या रात्री त्याची मिरवणूक जुन्या पेठांतून फिरते. समाजातील एक व्रतस्थ पुरुष स्त्रीवेष धारण करून फुलांनी मढविलेला करग मस्तकी घेतो. त्याच्या भोवती नंग्या तलवारी घेतलेले 'वीरकुमार' चालतात. क्रीडांगणाच्या शेजारी संपंगी तलावाचा एक लहानसा तुकडा या विधीसाठी राखून ठेवलेला आहे. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही, की हा उत्सव केवळ स्मरण नव्हे. तो कामांची वाटणी आहे. कोणी व्रत पाळावयाचे, कोणी तलवार धरावयाची, कोणी फुले व दिवे पुरवावयाचे, हे ठरलेले असते. एरवी कचेरीत किंवा कारखान्यात काम करणारा तरुण त्या रात्री वीरकुमार असतो, आणि आपण गैरहजर राहिलो तर आपली जागा रिकामी दिसेल, हे त्याला ठाऊक असते. जेथे माणसाच्या अनुपस्थितीची नोंद घेतली जाते, तेथेच तो खऱ्या अर्थाने सभासद असतो.

समूहाची दुसरी बाजू म्हणजे त्याची सीमा. 'आम्ही' म्हणताच 'ते' अस्तित्वात येतात. विल्यम ग्रॅहम समनर यांनी १९०६ साली अंतर्गट आणि बाह्यगट असा भेद मांडला. पुढे १९६९ साली नॉर्वेचे मानवशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी असे दाखविले, की माणसे सीमेच्या आरपार ये-जा करीत असली तरीही सीमा टिकून राहते. किंबहुना या व्यवहारातच ती घडते. करगाची मिरवणूक हजरत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यापाशी थांबते आणि मगच पुढे जाते. त्यामुळे तिगळ मुसलमान होत नाहीत, की दर्ग्याचे भाविक तिगळ होत नाहीत. दोहोंमधील रेषा राहते. पण ती भिंत न होता उंबरठा होते.

जुन्या समूहांबरोबर नवे समूहही जन्मास येत असतात. हिंदुस्थान एअरक्राफ्ट १९४० साली, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज १९४८ साली, हिंदुस्थान मशीन टूल्स १९५३ साली आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ साली बंगळूरात सुरू झाले. या कारखान्यांत कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळी, मराठी असे नाना भाषांचे कामगार एका यंत्राशी उभे राहिले. १९८० च्या अखेरीस वेतनाच्या प्रश्नावर सार्वजनिक क्षेत्रातील कामगारांनी संप पुकारला आणि तो पुढील वर्षीही चालू राहिला, तेव्हा 'आम्ही' या शब्दाचा अर्थ होता कामगार. त्यानंतर १९८२ साली शालेय शिक्षणात कन्नडला अग्रस्थान मिळावे, या गोकाक समितीच्या शिफारशीसाठी मोठे आंदोलन झाले. तेव्हा त्याच नगरात 'आम्ही'चा अर्थ भाषेने ठरविला. माणसे तीच होती. प्रसंगाने त्यांचे निराळे सभासदत्व जागे केले.

हे जागे होणे नेहमीच निरुपद्रवी असते असे नाही. डिसेंबर १९९१ मध्ये कावेरीच्या पाणीवाटपावरून बंगळूरात दंगली उसळल्या आणि तमिळ भाषकांची घरे व दुकाने त्यांत बळी पडली. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजारी, एकाच कारखान्यातील सहकारी, ही त्याची सारी नाती क्षणात पुसली जाऊन केवळ एक उरले. समूहभावना घातक ठरते ती अशा वेळी. मनुष्य एखाद्या समूहाचा आहे म्हणून नव्हे, तर तो केवळ त्याच समूहाचा आहे असे मानले गेल्यामुळे.

वस्तुतः नगरातील बहुतेक माणसांचे जीवन अनेक समूहांत विभागलेले असते. १६३८ साली बंगळूर शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले, तेव्हापासून मराठी बोल येथे ऐकू येतो. आजही येथील भावसार व नामदेव शिंपी समाजांतील अनेक कुटुंबे घरात मराठी वळणाची भाषा आणि बाजारात कन्नड बोलतात. १९५० साली बंगळूरच्या एका मराठी कुटुंबात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड येथेच बसवाहक झाले आणि पुढे रजनीकांत या नावाने तमिळ जनतेचे लाडके नट ठरले. त्यांना कोणत्या एका समूहात घालावे, हा प्रश्नच चुकीचा आहे.

तात्पर्य, समूहात असणे हे जन्माने मिळालेल्या नावावर संपत नाही. ते नाव कामाने, उपस्थितीने आणि मान्य केलेल्या कर्तव्याने पुनःपुन्हा खरे करावे लागते. तिगळांचे मळे गेले तरी त्यांची रात्र टिकली, ती यामुळेच. आणि नगराची शांतता टिकते, ती समूह नाहीसे झाल्याने नव्हे, तर एका समूहातील शेजारी दुसऱ्या समूहातील सहकारीही असतो म्हणून. हे आडवे-उभे धागे जितके अधिक, तितके वस्त्र फाटणे कठीण.