अंदमान, 1942 ते 1945

चिखली-चाकणकडून अंदमानच्या सहलीला जाणारी मंडळी सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडतात. त्याच तुरुंगाने दुसऱ्या महायुद्धातही माणसं छळली, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं.

23 मार्च 1942 रोजी जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरला उतरलं, जवळपास प्रतिकाराविना. 1943 मध्ये मेजर डेनिस मॅकार्थी यांची ब्रिटिश हेर तुकडी पाणबुडीतून येऊन जंगलात लपली. इकडे जपानी जहाजं बुडू लागली, तसा संशय बेटावरच्या भारतीयांवर गेला. जपानच्याच पाठिंब्यावर चालणाऱ्या इंडियन इंडिपेन्डन्स लीगच्या तिथल्या शाखेचे प्रमुख, पंजाबी कवी डॉ. दिवाणसिंग यांनाच इतरांसह सेल्युलर जेलमध्ये कैद झाली. 30 डिसेंबरला नेताजींनी जिमखाना मैदानावर तिरंगा फडकवला, तेव्हा दिवाणसिंग त्याच गावात यातना भोगत होते. जपान्यांनी नेताजींना या कैद्यांपर्यंत पोहोचू दिलं नाही. 14 जानेवारी 1944 रोजी दिवाणसिंग गेले. 30 जानेवारीला हॉम्फ्रेगंज इथे 44 जणांना हेर ठरवून गोळ्या घातल्या.

शेवटी उपासमार आली. ऑगस्ट 1945 मध्ये शेतीच्या नावाखाली शेकडो लोकांना हॅवलॉक बेटाकडे नेऊन समुद्रात उतरवलं. वाचले अगदी मोजके. जपानने शरणागती पत्करल्यावरही ब्रिटिश-भारतीय फौज बेटावर पोहोचली ती ऑक्टोबरात.

हॅवलॉकचं नाव 2018 पासून स्वराज द्वीप आहे. हॉम्फ्रेगंजला हुतात्मा स्मारक आहे. सहलीच्या कार्यक्रमात ते आवर्जून घालून घ्यावं.