पन्नाशीतील गुरुजींची परीक्षा

दवाखान्यात येणाऱ्या शिक्षकांच्या तक्रारींत अलीकडे एक साम्य आढळते. झोप लागत नाही, छातीत धडधडते, ॲसिडिटी वाढली आहे, आणि वर्षानुवर्षे आटोक्यात असलेला रक्तदाब वर सरकला आहे. थोडी विचारपूस केली की कारण समोर येते: टीईटी, म्हणजेच शिक्षक पात्रता परीक्षा.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानुसार, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांच्या आत ही परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक ठरले. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना नोकरीपुरती सूट मिळाली. पदोन्नतीसाठी मात्र त्यांनाही ती द्यावीच लागेल. ज्यांनी आयुष्यभर इतरांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, त्यांच्यावर पन्नाशीत स्वतःची उत्तरपत्रिका लिहिण्याची वेळ यावी, याचे दडपण स्वाभाविक आहे. प्रश्न पोटाचा आहे, तसाच मानाचाही.

शिक्षक वाचकहो, भीतीला आकार नसतो, म्हणून ती मोठी भासते. प्रथम तिला आकार द्या. प्राथमिक स्तराच्या पहिल्या पेपरात १५० गुणांचे १५० प्रश्न असतात. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास अशा पाच भागांना प्रत्येकी ३० गुण. उत्तीर्ण होण्यास ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. आरक्षित प्रवर्गांसाठी ही अट ५५ टक्क्यांची आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. एखादी जुनी प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवा. पाचांपैकी कोणता भाग कच्चा आहे हे कळले, की निम्मी धास्ती ओसरते.

ध्येय नेमके असावे. ‘खूप अभ्यास करीन’ या संकल्पाला हातपाय नसतात. ‘पहाटेचा चहा झाला की पाऊण तास गणिताची वीस उदाहरणे’ हे ध्येय रोज तपासता येते. एडविन लॉक व गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी दीर्घ संशोधनातून हेच दाखविले, की मोघम ध्येयापेक्षा नेमके आणि किंचित कठीण ध्येय माणसाकडून अधिक काम करवून घेते. उत्साहाची वाट पाहत बसू नये. पुष्कळदा काम सुरू झाल्यावरच तो येतो. दिनदर्शिकेवर रोज एक खूण करा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट अभ्यासाचा दंड स्वतःला लावू नका.

आता वैद्यकीय गोष्ट. दिवसा वाचलेले मेंदू झोपेत पक्के करतो. त्यामुळे जागरण करून केलेला अभ्यास हा गळक्या रांजणात भरलेल्या पाण्यासारखा असतो. सात तासांची झोप अभ्यासाचाच भाग समजा. सायंकाळनंतर चहा टाळा. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागते आणि डोके दुखते. चष्म्याचा नंबर तपासून घ्या. रक्तदाब व साखरेच्या गोळ्या गडबडीत चुकवू नका. पुस्तक मिटून उत्तर आठवून पाहा आणि तोच भाग काही दिवसांनी पुन्हा काढा. वयानुसार पाठांतराचा वेग थोडा मंदावतो, पण बालमानसशास्त्राचे अनेक प्रश्न आपण रोज वर्गात अनुभवतोच.

परीक्षेच्या जोडीला स्वतः निवडलेले एक छोटे ध्येयही ठेवा. लादलेले ध्येय तारखेबरोबर संपते. आपले ध्येय त्यानंतरही बळ देते. झरी जामणी, केळापूर किंवा घाटंजी तालुक्यातील पोडावरच्या शाळेत शिकवीत असाल, तर महिन्याला कोलामीचे वीस शब्द मुलांकडूनच शिका. घरची भाषा गुरुजींच्या तोंडून ऐकणारे पहिलीतले मूल बोलते होते, आणि त्या समाधानाची बरोबरी कोणतेही प्रमाणपत्र करू शकत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांनी वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. आठवड्याला ती तासाभराहूनही कमी भरते.

कुटुंबीयांनाही एक विनंती. ‘झाला का अभ्यास?’ असे विचारण्यापेक्षा घरातील एक काम उचलून घ्या. शिक्षिका असलेल्या गृहिणीला पहाटेचा पाऊण तास हवा असेल, तर डब्याची जबाबदारी दुसऱ्या कुणीतरी घेतली पाहिजे. मुलांनी आईला, बाबांना गणित समजावून सांगावे. त्यात कमीपणा कुणालाच नाही.

मात्र उदासी, निद्रानाश किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर डॉक्टरांकडे जा. ‘टेली मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. जगणे नकोसे वाटते, असे कुणी बोलून दाखविल्यास त्या व्यक्तीला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. छातीत दाब, डाव्या हातात वेदना किंवा घाम फुटणे याला ‘परीक्षेचे टेन्शन’ म्हणून घरी थांबू नका. तातडीने रुग्णालय गाठा. परीक्षा पुन्हा देता येते.